साठीनंतर कुंचला

उत्साही : माझे म्हणणे आधी पुरते ऐकून घ्या, मग हवे तसे झोडा. तंजावरहून पट्टुक्कोट्टैच्या रस्त्याला लागले की वीस-पंचवीस किलोमीटरवर ओरत्तनाडु येते. आपली माणसे तंजावरला जातात, बृहदीश्वराच्या भिंतीवरचा 1803 चा लांबलचक मराठी शिलालेख बघून भारावतात, सरस्वती महाल ग्रंथालयात डोकावतात आणि कुंभकोणमची गाडी पकडतात. ओरत्तनाडूला वाट वाकडी करून कोणी जात नाही. तिथे तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी आपल्या प्रेयसीच्या, मुक्तांबाळच्या, नावाने उभारलेले छत्र आहे, म्हणजे वाटसरूंसाठीची धर्मशाळा आणि अन्नछत्र, 1802 च्या सुमाराचे. 1799 च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजांच्या हाती किल्ला आणि तनखा उरला. पण छत्रे सोडायला ते तयार नव्हते. 1801 मध्ये त्यांनी कंपनीच्या रेसिडेंटला पत्र लिहून छत्रांत काय काय चालते ते सविस्तर कळवले : येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवण, आजाऱ्याला वैद्य आणि पथ्याचे अन्न, अडलेल्या बाईचे बाळंतपण, अनाथ पोरांना पंतोजी. मध्यरात्री घंटा वाजवायची आणि जेवायचे राहिलेल्यांना बोलावून वाढायचे. माझी कल्पना एवढीच, की अशा गावात दर हिवाळ्यात साठीपुढच्या माणसांसाठी चित्रकलेची कार्यशाळा भरवावी. तंजावर शैलीच शिकवावी; ती तर तिथलीच. आज तिथल्या म्हाताऱ्यांना जेवायला घरात आहे, पण घरात माणूस नाही. पोरे चेन्नईला, तिरुप्पूरला, सिंगापूरला. ओटीवर बसून रस्त्याकडे बघत दिवस काढायचा. त्यांच्या हाती कुंचला द्यायला काय हरकत आहे?

साशंक : हरकत कुंचल्याला नाही, हिवाळ्याला आहे. तुम्ही पुण्यातला हिवाळा उचलून कावेरीच्या मुखाशी नेऊन ठेवलात. आपल्याकडे मृगापासून गणपतीपर्यंत पाऊस, मग थंडी, मग शिबिरे आणि व्याख्यानमाला. तिकडे ऑक्टोबर ते डिसेंबर हाच पावसाचा मोसम. वर्षाचा मोठा पाऊस ईशान्येकडून याच दिवसांत येतो आणि कधीकधी वादळ घेऊन येतो. 2018 च्या 16 नोव्हेंबरला ‘गजा’ आले, तेव्हा ओरत्तनाडु, पट्टुक्कोट्टै, पेरावूरणी या पट्ट्यातली नारळाची झाडे अख्ख्या बागांनिशी आडवी झाली. पोटच्या पोराप्रमाणे वाढवलेले झाड गेल्यावर नवे माड फळाला येईपर्यंत आपण असू की नाही, हा हिशेब तिथे साठीपुढच्या माणसानेच केला. त्या महिन्यात तुम्ही रंगाच्या बाटल्या घेऊन जाणार? आणि ते वेगळे वर्ष होते असे धरले, तरी तंजावर शैलीचा पाट दमट हवेत वाळतो कुठे? लाकडावर चिंचोक्याच्या खळीने कापड चिकटवायचे, त्यावर खडूची पूड आणि डिंक कालवून थरावर थर द्यायचे, प्रत्येक थर कडकडीत वाळल्याशिवाय पुढचा द्यायचा नाही. नोव्हेंबरात दिलात तर बुरशी येईल.

मग म्हणाल, पोंगलनंतर घेऊ. पोंगलनंतर सांबा भाताची कापणी असते. त्या दिवसांत ओटीवर कोण बसलेले असते? जमीनदाराचा बाप असेल. बाकी साठीची बाई बांधावर आहे, खळ्यावर आहे, नाहीतर रोजगार हमीच्या कामावर घमेले उचलते आहे. तमिळनाडूत त्या कामावर बायकाच जास्त, आणि त्यांत म्हाताऱ्या पुष्कळ. सरकारी म्हातारपणाचे पैसे 2023 मध्ये हजाराचे बाराशे झाले. बाराशेत महिना निघत नाही म्हणून ती राबते. ‘रिकामा ज्येष्ठ नागरिक’ हे आपल्या विरंगुळा केंद्रातले पात्र आहे. ओरत्तनाडूत तुम्हाला तो शोधावा लागेल.

उत्साही : हवामानाचे कबूल. हिवाळा हे नाव माझ्या डोक्यात आपल्याकडच्या सवयीने आले. मासी महिना धरू, फेब्रुवारीच्या मध्यापासून पुढे. कापणी आटोपलेली असते, ऊन कडक झालेले नसते, पाटही वाळतो. पण ‘रिकामे कोणी नाही’ हे मला मान्य नाही. 2011 च्या जनगणनेत देशात साठीपुढचे लोक शंभरात साडेआठ होते, महाराष्ट्रात दहाला थोडे कमी, तमिळनाडूत दहाच्या वर. त्यानंतर हे प्रमाण वाढतच गेले आहे. यातले सगळेच शेतात राबत नाहीत. निवृत्त मास्तर आहेत, पोस्टातले आहेत, सिंगापूरहून परतलेले आहेत, गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे बांधावर जाणे सुटलेल्या बायका आहेत. काम सुटले की माणसाला कोणी विचारत नाही, हे ओरत्तनाडूत खरे आणि पुण्यात खोटे असे कसे होईल?

आणि मी केवळ मनाला वाटते म्हणून बोलत नाही. अमेरिकेत डॉ. जीन कोहेन यांनी 2001 पासून तीन शहरांत पाहणी केली. पासष्टीपुढची माणसे, सरासरी वय ऐंशीच्या घरात. जाणत्या कलावंतांच्या हाताखाली जे नियमाने कला शिकले, ते वर्षभराने डॉक्टरकडे कमी गेले, औषधे कमी घेतली, पडण्याचे प्रसंगही कमी झाले. जर्मनीत 2014 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नुकतेच निवृत्त झालेले अठ्ठावीस लोक. निम्म्यांनी दहा आठवडे स्वतः चित्रे काढली, निम्म्यांनी संग्रहालयात जाऊन चित्रांवर चर्चा केली. मेंदूचे निरनिराळे भाग एकमेकांशी जोडून काम करतात, त्यात सुधारणा दिसली ती हाताने काम करणाऱ्यांत. बघणाऱ्यांत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये कला आणि आरोग्य यांवर मोठा आढावाच काढला. इंग्लंडात तर डॉक्टर माणसाला गोळ्यांऐवजी गायनमंडळात किंवा चित्रवर्गात धाडतात.

साशंक : अठ्ठावीस माणसे! आमच्या चाळीच्या गणपतीत वर्गणी गोळा करायला यापेक्षा जास्त लोक असायचे. कोहेन यांचा सगळ्यात गाजलेला निष्कर्ष वॉशिंग्टनच्या गायनमंडळावरचा आहे, चित्रकलेवरचा नाही, आणि तिथे चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते. जी माणसे आपणहून गायला येतात ती मुळातच थोडी धडधाकट असणार. तरीही हे अभ्यास खोटे आहेत असे मी म्हणत नाही. माझी तक्रार दुसरी आहे. विशीतला मुलगा चित्र काढतो तेव्हा त्याचा रक्तदाब कोण मोजतो? चाळिशीतली बाई सतार शिकते तेव्हा तिच्या गोळ्या किती कमी झाल्या, हे कोणी विचारत नाही. मग माणूस साठीचा झाला की त्याच्या चित्राला औषधाची चिठ्ठी का लागते? तुम्ही त्याला कलेच्या वर्गात बसवता आणि नोंद मात्र रुग्ण म्हणून करता. रवींद्रनाथांनी साठी उलटल्यावर जोमाने चित्रे काढायला घेतली, 1930 साली सत्तरीच्या उंबरठ्यावर पॅरिसला प्रदर्शन भरवले. त्यांची झोप सुधारली का, हे कोणी छापले नाही. चित्रे कशी आहेत यावर लोक भांडले. म्हातारपणी काढलेल्या चित्राला हा मान हवा. कोणी तरी म्हणावे, ‘आजोबा, हे जमलेले नाही, परत काढा.’ तुमच्या कार्यशाळेत असे कोण म्हणणार? तिथे सगळे ‘वा, वा’ म्हणतील आणि शेवटी शाल-श्रीफळ देतील.

उत्साही : पैसे मागायला गेले की कारण सांगावे लागते, म्हणून औषधाची भाषा येते. नगरपंचायतीत जाऊन ‘माणसाला आनंद व्हावा म्हणून पन्नास पाट द्या’ म्हणून बघा. पण ठीक आहे, औषध बाजूला ठेवतो. ‘जमलेले नाही’ हे म्हणायची सोय या शैलीतच आहे, हे तुमच्या लक्षात आले नाही. मोकळ्या हाताने निसर्गचित्र काढायला दिले तर कोणाचेही कौतुक करून मोकळे होता येते. तंजावरच्या पाटाला कायदा असतो. अस्तर नीट घोटले नाही तर भेग पडते. ती लपत नाही, सुरकुतीसारखी उमटते. मग आखणी, मग काचेचे खडे बसवायचे. मग खडूची पूड आणि डिंक यांचे घट्ट लुकण करून दागिने, महिरप, सिंहासन यांना उठाव द्यायचा. त्यावर बावीस कॅरटचा वर्ख. वर्ख चढवताना पंखा बंद करावा लागतो, श्वाससुद्धा जपून. रंग त्यानंतर, आणि चेहरा, डोळे सगळ्यांत शेवटी.

आता यात म्हातारा हात कुठे अडतो ते बघा. उठाव देताना हल्ली मेंदीच्या कोनासारखा कोन दाबतात. संधिवाताच्या बोटांना तो दाबवत नाही. पण जुन्या पद्धतीने कुंचल्याने थेंब थेंब ठेवत गेले तर चालते, वेळ लागतो एवढेच. मोतीबिंदू झालेल्याला बारीक आखणी दिसत नाही, पण वाळलेला उठाव बोटाला कळतो. कडेवरून बोट फिरवत वर्ख दाबणे हे काम नजरेपेक्षा बोटाचे आहे. अस्तर घोटायला जोर लागत नाही, सातत्य लागते. गुळगुळीत दगड घ्यायचा आणि पाटावर घोटत राहायचे, तासन्‌तास. हे काम तरुणाला नकोसे होते. मी शैली उगाच निवडलेली नाही. चेहरा आणि डोळे यांना मात्र ठाम हात लागतो, तिथे बहुतेकांना थांबावे लागेल. थांबू देत. एक पाट चार जणांनी मिळून केला तरी चालतो; कारागिरांच्या घरी तसाच होतो.

आणि डोळ्यांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. सरफोजीराजांच्या पदरी डोळ्यांवर उपचार होत, शस्त्रक्रिया होत. 1827 च्या सुमाराची रुग्णांची टिपणे सरस्वती महालात आहेत आणि त्यांबरोबर रोग्यांच्या डोळ्यांची चित्रे आहेत, रंगवलेली. तंजावरच्याच चित्रकारांनी म्हाताऱ्या डोळ्यांकडे इतक्या जवळून बघितले होते. त्या गावच्या चित्रकलेचा आणि म्हातारपणाचा संबंध मी जोडलेला नाही, तो होताच.

साशंक : संबंध होता, पण त्यात म्हातारा चित्राचा विषय होता. कुंचला दुसऱ्याच्या हातात होता. कोणाच्या हातात होता, याबद्दल तुम्ही अजून एक शब्द बोललेला नाहीत. ही कला राजू घराण्यांची. देवाच्या पाटाला गिऱ्हाईक असेल तर पाट केला. कंपनीचे साहेब आले तेव्हा त्यांच्यासाठी कागदावर जातीजमातींची, धंद्यांची चित्रांची बाडे केली. राजाने सांगितले तेव्हा डोळे काढले. पोटासाठी केले आणि उत्तम केले. 2007-08 मध्ये या चित्रांना भौगोलिक मानांकन मिळाले. त्यानंतर काय झाले? चेन्नई, बंगळूर, पुणे, सगळीकडे छंदवर्ग निघाले. खोक्यात तयार पाट, छापलेली आखणी, मोजून खडे, पुडीत वर्ख. चार रविवारांत बाळकृष्ण तयार, दिवाणखान्यात टांगला, वरून ‘मी स्वतः केलाय हो’. कारागिराचा पाट महाग का, हे त्या घरातल्या पाहुण्याला मग समजतच नाही. तुम्ही ओरत्तनाडूत आणखी चाळीस हौशी हात तयार करणार. तंजावरच्या गल्लीत बसलेल्या साठीतल्या कारागिराला त्याचा काय उपयोग? तोही ज्येष्ठ नागरिकच आहे. त्याला कार्यशाळा नको, मागणी हवी.

आणि वारली चित्रांचा इतिहास तर आपल्या घरचा आहे. लग्नाचा चौक लिहायचा तो सवासिणींनी. ती बायकांची विद्या होती, म्हाताऱ्यांकडून सुनांकडे आलेली. सत्तरच्या दशकात ती कागदावर आली, दिल्ली-मुंबईला गेली, जिव्या सोमा मशे यांच्यासारखा अस्सल प्रतिभेचा चित्रकार मिळाला, 2011 ला पद्मश्री मिळाली. मशे मोठेच होते, त्याबद्दल वाद नाही. पण कागद आला, कार्यशाळा आल्या, बाजार आला, आणि बघता बघता चित्रकार म्हणून नाव लागले ते बहुतेक पुरुषांचे. चौक लिहिणाऱ्या म्हाताऱ्यांची नावे कोणाला ठाऊक आहेत? चांगल्या हेतूने एखादी कला ओसरीवर आणली की ती कोणाच्या हातातून निसटते, हे आधी बघावे लागते.

उत्साही : कारागिराबद्दल तुमचे बरोबर आहे, आणि त्यावर उपाय आहे. शिकवायला चेन्नईच्या कला महाविद्यालयाचा प्राध्यापक आणायचा नाही. त्याच कारागीर घराण्यातला, त्याच वयाचा माणूस बोलवायचा आणि त्याला त्याच्या पाटाच्या भावाने पैसे द्यायचे, तासाच्या भावाने नाही. चाळीस जणांनी स्वतःच्या हाताने एकदा वर्ख चढवून बघितला की पाट महाग का, ते त्यांना कळेल. छंदवर्गात ते कळत नाही, कारण अवघड काम खोक्यातच झालेले असते. आम्ही खळ शिजवण्यापासून सुरुवात करू.

वारलीचे मात्र तुम्ही अर्धे सांगितलेत. चौकाला हात लावायचा मान सवाशिणीचा, म्हणजे नवरा गेला की तो मान गेला. कागद आल्यामुळे बाईचे नाव मागे पडले हे खरे, पण विधवेने चित्र काढले तर अशुभ, ही अटही कागदाला राहिली नाही. साठीपुढच्या बायकांत विधवा किती असतात, हे वेगळे सांगायला नको. त्यांच्यासाठी उंबऱ्याबाहेरची एक जागा, जिथे शुभ-अशुभ कोणी विचारत नाही, ही छोटी गोष्ट आहे का?

साशंक : छोटी नाही. हा मुद्दा मी सोडतो. पण मग मला दुसरीच शंका येते. मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून पोंगलपर्यंत, तुम्ही त्या भागातल्या कुठल्याही गल्लीत पहाटे जा. दाराशी सडा झालेला असतो आणि बायका वाकून कोलम काढत असतात. चिमटीतून तांदळाचे पीठ सुटते, ठिपके पडतात, मग ठिपक्यांभोवती एकच रेषा वळत वळत सुरुवातीच्या जागी येऊन मिळते. मध्ये शेणाच्या गोळ्यात भोपळ्याचे पिवळे फूल. 1974 साली मद्रास ख्रिश्चन कॉलेजातल्या गणितज्ञांनी या आकृत्यांचे व्याकरण मांडले, संगणकाच्या अभ्यासासाठी. म्हणजे त्या म्हाताऱ्या ज्या नियमांनी रोज पहाटे बोटे चालवत होत्या, ते नियम लिहून काढायला विद्यापीठाची माणसे लागली. तुम्हाला हवी होती ती हिवाळी सार्वजनिक चित्रशाळा तिथे भरते आहे. प्रवेशअर्ज नाही, प्रमाणपत्र नाही. दुपारपर्यंत मुंग्या पीठ खातात, चाके नक्षी पुसतात, दुसऱ्या दिवशी नवी. अशा बाईला तुम्ही प्लायवुडच्या पाटासमोर बसवून ‘आता कला शिका’ म्हणणार? तिने तुम्हाला शिकवायचे, की तुम्ही तिला?

उत्साही : तिने. एकदम मान्य. माझ्या मनात तर असे होते, की पहिल्या आठवड्यात पाट काढायचाच नाही. बायकांनी जमिनीवर काढायचे आणि बाकीच्यांनी बघून गिरवायचे. महिरपीची नक्षी, कमानीची वेल त्यातूनच येईल. पण तुमच्या पहाटेच्या चित्रशाळेत मला तीन माणसे दिसत नाहीत. एक, जिचे गुडघे गेले आहेत. कोलम कमरेतून वाकून काढतात. ज्या वर्षी वाकणे थांबते त्या वर्षी तिचा दाराशी काढायचा हक्क सुनेकडे जातो. विद्या बोटांत तशीच असते. तिला टेबलाच्या उंचीवर जागा द्या. दुसरी, जी भाड्याच्या खोलीत राहते आणि जिला दारच नाही, सामाईक जिना आहे. तिसरा पुरुष. म्हातारा पुरुष त्या पहाटे काय करतो? चहाच्या टपरीवर ‘दिनतंदी’ वाचतो, दहा वाजता परत येतो, पाय ओढत आत-बाहेर करतो. आयुष्यभर नांगर, हिशेब नाहीतर खडू धरलेल्या त्या हाताला कोणी ठिपका ठेवायला शिकवलेला नाही. आपल्याकडच्या विरंगुळा केंद्रांत बघा. बायका भजनात, भिशीत, हळदीकुंकवात रमतात; पुरुष पत्ते नाहीतर राजकारण. बोलणे होते, हाताला काम होत नाही. मला तो पुरुष आणि ती गुडघे गेलेली बाई एका टेबलाशी बसलेली बघायची आहेत. ती त्याला म्हणेल, ‘ठिपका वाकडा पडला.’ तुम्हाला हवा होता तो टीकाकार हाच.

साशंक : एका टेबलाशी. म्हणजे आपण मुळाशी आलो. ती बाई कोणत्या रस्त्यावरची, तो पुरुष कोणत्या रस्त्यावरचा? गाव म्हटले की वस्त्या आल्या, आणि त्या तिकडेही आपल्यासारख्याच आहेत. तुम्ही सरफोजीराजांचे पत्र अभिमानाने सांगितलेत, पण त्यातलाच एक तपशील गाळलात. ब्राह्मणापासून ज्यांना अस्पृश्य म्हणत तिथपर्यंत सगळ्यांना शिजलेला भात, आणि ज्याला शिजलेला चालत नाही त्याला शिधा. कोणाला का चालत नव्हता? दुसऱ्याच्या हातचे नको म्हणून. जेवण सर्वांना होते, पंगत एक नव्हती. त्या काळात तेही मोठे होते, मी नाकारत नाही. पण तुमच्या टेबलावर शिधा-पद्धत चालणार नाही. डिंकाची वाटी एक, पाण्याचे भांडे एक, आणि पाट चार जणांत एक असेल, तर प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहील. कोणी भांडणार नाही, कोणी बोलणारही नाही. दुसऱ्या दिवशी काही जण नुसते येणार नाहीत. आणि तुम्ही अहवालात लिहाल, ‘प्रकृतीच्या कारणाने गैरहजर.’

उत्साही : म्हणूनच मला छत्राची जागा हवी आहे. देवळाच्या मंडपात घेतली तर काही येणार नाहीत, समाजाच्या मंगल कार्यालयात घेतली तर उरलेले. छत्राच्या पडवीत कोणाचे घर नाही. पुढे त्या वास्तूंतून शाळा चालल्या, वसतिगृहे चालली. छत्रांचा कारभार आजही जिल्हा प्रशासनाकडे आहे. गावातली शाळा सुट्टीत मिळाली तरी चालेल. देवांचे पाटच करायचे, असाही हट्ट नाही. बाळकृष्णाऐवजी गजा वादळात पडलेली आपली बाग कोणाला काढायची असेल तर काढू दे, सोन्याचा वर्ख झावळ्यांना लावू दे. आणि मराठीचाही हट्ट नाही. तंजावरची मराठी घरे अजून आपली वेगळ्या वळणाची मराठी बोलतात, त्यांतले कोणी आले तर कान सुखावतील. पण वर्ग तमिळमध्येच चालेल. आपण लांबून पैसे आणि पाट पाठवायचे.

साशंक : पाट पाठवाल. आणि मजुरी?

उत्साही : कसली मजुरी?

साशंक : जी बाई त्या दिवशी रोजगारावर गेली असती, तिची. निवृत्त मास्तर फुकट येईल, त्याला पेन्शन आहे. सिंगापूरहून परतलेला येईल. गुडघे गेलेली येईल, तिला कोणी सोडायला असेल तर. पण मी सुरुवातीला सांगितली ती साठीची बाई, घमेलेवाली, ती आली तर तिचा दिवस बुडतो. तिला हजेरीचे पैसे दिल्याशिवाय तुमची कार्यशाळा ‘सामुदायिक’ होत नाही. ती पेन्शनरांची होते. मग पुण्यातच घ्या, प्रवासखर्च वाचेल.

उत्साही : इथे मी तुमच्याबरोबर येऊ शकत नाही. पैसे दिले की ते काम होईल. मुकादम येईल, हजेरीपट येईल, कोणाचे नाव घालायचे यावर स्थानिक पुढारी येतील. आणि सर्वांत वाईट म्हणजे ती बाई चित्राकडे मजूर म्हणूनच बघेल. आयुष्यात एकदा तरी तिने बिनपैशाची, बिनकामाची गोष्ट करावी, हीच तर सगळी धडपड आहे. तुम्ही तीच तिच्याकडून काढून घेता.

साशंक : बिनकामाची गोष्ट परवडायला आधी पोट भरलेले लागते. राजांना ते कळत होते. आधी भात, मग पंतोजी. आणि पैसे घेऊन केलेले काम आनंदाचे नसते, हे तुम्हाला कोणी सांगितले? तुमच्या कारागिराला तुम्ही पाटाच्या भावाने पैसे देणार आहात. त्याचा आनंद त्यामुळे कमी होणार आहे का? त्याला दिले तर मानधन आणि तिला दिले तर मजुरी, हा भेद तुमच्या मनातला आहे.

उत्साही : कारागीर शिकवतो, ती शिकते. भेद तिथे आहे.

साशंक : पहिल्या आठवड्यात कोलम तिनेच शिकवायचे, असे मघाशी ठरले होते ना आपले? मग शिकवणाऱ्यांच्या यादीत तिचेही नाव घाला आणि तिच्या नावापुढे रक्कम लिहा.

उत्साही : पहिल्या आठवड्यापुरती लिहीन. पुढच्या आठवड्यांचे मला अजून पटलेले नाही. आणि घंटेचे काय करायचे? घंटा वाजवली तरी जे येणार नाहीत, त्यांच्या दारात जाणार कोण?

साशंक : ते काम शिकवणाऱ्याचे नाही, भरवणाऱ्याचे. तुम्ही जायचे. जेवून झालेल्यांना परत वाढायचे नाही आणि राहिलेल्यांना बोलवायचे, एवढी एक रीत त्या पत्रातून उचला. बाकी राजवैभव राहू द्या. तारीख मासीतली घ्या, अर्जावरून ‘हिवाळी’ हा शब्द काढा, आणि अंदाजपत्रकात पाट, डिंक, वर्ख यांच्या खाली एक ओळ रिकामी ठेवा. तिथे काय लिहायचे यावर आपले जमलेले नाही. पण ती ओळच नसेल, तर या कार्यशाळेला माझी वर्गणी मिळणार नाही.